दोनशे मीटरवाले अण्णा

अण्णांच्या मनगटावरचं घड्याळ दोनशे मीटर खोल पाण्यात चालायला बनवलेलं आहे. अण्णा ते हात धुण्याआधी काढून ठेवतात. पाऊस आला की छत्री आधी घड्याळावर येते, मग डोक्यावर. "आतलं रबर साठ वर्षांचं आहे हो, दगड झालाय त्याचा!" मग नवं घाला ना, असं कुणी म्हटलंच तर अण्णा त्याला पुन्हा चहा विचारत नाहीत.

पाणबुड्यांच्या जुन्या घड्याळांचा त्यांना नाद. 1953 सालचं ब्लाँपँचं फिफ्टी फॅदम्स, रोलेक्सची सबमरीनर, 1965 ची सेको ही नावं ते जुन्या गवयांची घ्यावीत तशी, कानाच्या पाळीला हात लावून घेतात. जवळ यातलं एकही नाही. आहे ते चोरबाजारातून आणलेलं फेवर ल्यूबाचं डीप ब्लू, आणि त्याच्या खालच्या पायरीवरची काही.

घड्याळ तपासताना मात्र अण्णांना पाहावं. दुसरं गिऱ्हाईक ज्यासाठी भाव पाडेल, त्यासाठी हे चढवून देतील. काळी तबकडी उन्हानं तपकिरी झाली असेल, तर भिंगामागचा डोळा पाणावतो : "ट्रॉपिकल!" फिरत्या कडीचा रंग उडून राखाडी झालेला? वा. पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा धारदार हव्यात. गुळगुळीत असतील तर कुण्या पाप्यानं बफावर धरलंय. आणि तबकडी कोरी करकरीत निघाली की चेहरा पडतो. "रिडायल! रंगवलीय." जुन्या तबकड्या रंगवून चकाचक करणारे हात मुंबईत पुष्कळ, आणि जगभरचे शौकीन त्यांच्या नावानं बोटं मोडतात. (मला स्वतःला त्या रंगवलेल्या छान वाटतात. हे अण्णांना सांगू नका.)

मग खोलीतला दिवा मालवला जातो. आकड्यांवरचे ठिपके अंधारात दिसावेत म्हणून पूर्वी रेडियम लावत, साठच्या दशकात ट्रिटियम आलं. ट्रिटियम दर 12.3 वर्षांनी निम्मं होतं, तेव्हा त्या काळातल्या घड्याळाचं तेज आज विझलेलंच असायला हवं. चमकलं तर मागाहून कुणीतरी लेप दिलाय, नापास! "दिसतंय काही?" "नाही." अंधारातून समाधानाचा सुस्कारा येतो. रेडियमचं गणित वेगळं : चमक जाते, पण ते निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. हे कळल्यापासून वहिनींनी घड्याळांचा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दूर हलवलाय.

हीच नजर पुढे माणसांवर फिरू लागली. शेजारच्या नानांनी केस काळे केले, तर हे हळूच म्हणाले, "रिडायल." दिवाळीआधी वहिनींनी रंगाऱ्याला बोलावलं, तेव्हा भिंतीवरचा तेलकट डाग दाखवून "हा मूळचा आहे, याला हात लावायचा नाही" असं त्याला बजावलं. "अहो, तो तुमच्या डोक्याचा डाग आहे," वहिनी म्हणाल्या. "तेच म्हणतोय मी," अण्णा म्हणाले.

घड्याळवाल्यालाही ताकीद ठरलेली : मशीन साफ कर, बाकी काही उजळू नकोस, आणि जो भाग बदलशील तो पुडीत बांधून परत दे. जुना भाग सोबत असला की किंमत टिकते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला. वहिनी खर्चाचं विचारत होत्या. अण्णा बराच वेळ एक्सरे उजेडाकडे धरून बघत राहिले आणि मग म्हणाले, "डॉक्टर, जुना परत द्याल ना?"