कॉलमवाले भाऊ

चिखली घ्या नाहीतर मलकापूर, फार्मसी कॉलेज म्हटलं की तिथं एक कॉलमवाले भाऊ असायचेच. हुद्द्यानं लॅब असिस्टंट, पण एम.फार्म.च्या थीसिसचे दिवस आले की गाइडपेक्षा यांचा शब्द मोठा. एचपीएलसीच्या खोलीची किल्ली यांच्याच खिशात. नवा सी-एटीन कॉलम मात्र डब्यातून कधीच निघत नाही. तो तपासणी समितीला दाखवायचा.

"भाऊ, प्रेशर साडेतीन हजारावर गेलं!" पोरगं धापा टाकत येतं. भाऊ मशीनकडे बघतही नाहीत.

"काल सांजच्याले काय चालवलं होतं?"

"फॉस्फेट बफर."

"मंग?"

"मग... लाइट गेली. बसही सुटत होती."

"आन् आज आल्याबरोबर निरं मेथनॉल सोडलं! अरे पोट्ट्या, मीठ बसलं ना आत. आंधी पानी फिरवाचं, दहा टक्के मेथनॉल टाकून. तू संग्रामपूरचा ना? खारपाणपट्ट्यातल्या मानसाले मीठ मी शिकवू?"

मग पाना निघतो. डिटेक्टरकडून सुरुवात करून एकेक नट सैल करत भाऊ पंपाकडे सरकतात. ज्या नटाला प्रेशर धाडकन उतरेल, त्याच्या आणि आधी सोडलेल्या नटाच्या मधे चोर. बहुतेक वेळा तो कॉलमच्या तोंडाच्या फ्रिटमध्येच सापडतो. कधी चोरच नसतो. मेथनॉल आणि पाणी निम्मंनिम्मं केलं की मिश्रण दोघांहूनही दाट होतं, प्रेशर चढणारच. "हा आजार नोहे, सोभाव हाय," म्हणून भाऊ चहाला निघून जातात.

पीकला दोन शेंडे फुटले की त्यांचा प्रश्न ठरलेला. "सारेच फाटले का एकच?" सारे फाटले तर फ्रिट तुंबली किंवा कॉलमच्या तोंडाशी पोकळी पडली. सुरुवातीचा एखादाच फाटला तर नमुना निऱ्या अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलेला. मोबाइल फेजमध्येच विरघळवायचा असतो. एका पोराला वाटलं, नवीन इम्प्युरिटी सापडली. पेपरचं शीर्षकही तयार होतं बिचाऱ्याचं!

पीएच दहाचा बफर घेऊन आलेल्या पोरीला ते म्हणाले, "लोणारात बुडवाचा हाय का कॉलम?" लोणारचं पाणी खरंच दहाच्या घरातलं, आणि साधा सिलिका आठच्या पुढे विरघळू लागतो.

कंपनीचा इंजिनीअर फोनवर एकच सांगतो: कॉलम बदला. भाऊ डिटेक्टर सोडवतात, कॉलम उलटा लावतात आणि संथ धारेनं धूत बसतात. दुपारपर्यंत प्रेशर चौदाशेवर येतं. मग रजिस्टरात नोंद पडते: 'कॉलम ठीक. विद्यार्थी बदलावा.'