निळा रंग मंजूर

महानगराच्या आसपास वाहणारी एखादी नदी सापडली, की तिच्या काठाने सायकलस्वारांसाठी रमणीय वर्तुळाकार मार्ग आखल्यावाचून नियोजनकारांच्या जिवाला स्वास्थ्य लाभत नाही. आणि मार्ग आखावयाचा म्हणजे प्रथम त्याचे संकल्पचित्र काढावयाचे, हा रिवाज आता इतका दृढमूल झाला आहे की मार्ग नसला तरी चालते, चित्र मात्र असावेच लागते. या चित्रांतले शिरस्त्राणधारी हसतमुख दांपत्य, त्यांच्यामागून धावणारे निष्कलंक कुत्रे, कवायतीला उभी केल्यासारखी एका उंचीची झाडे, यांच्याविषयी आमची तक्रार नाही. कलावंताला तेवढी मुभा असावी. आमची हरकत एकाच बाबीस आहे: चित्रातली नदी निळी असते.

कल्याणजवळचे आंबिवली हे तर असल्या चित्रासाठी विधात्यानेच राखून ठेवलेले ठिकाण. शहाड सोडून कसाऱ्याकडे निघालेली लोकल उल्हास नदीचा पूल ओलांडून आंबिवलीत येते आणि पुढे टिटवाळ्याला काळू नदी भेटते. म्हणजे आंबिवली, मोहने, अटाळी, वडवली ही सारी गावे दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेली. नकाशावर पेन्सिल टेकवावी, उल्हासच्या काठाने निघावे, काळूच्या काठाने टिटवाळ्याच्या महागणपतीस हात जोडून परतावे, की वर्तुळ पुरे झाले. पेन्सिलीला वाटेत नाला आडवा येत नाही, रूळ ओलांडावे लागत नाहीत, सातबाऱ्यावरच्या वारसांची संमती घ्यावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे पेन्सिलीला वास येत नाही. सबब, योजना कागदावर निर्दोष आहे असा शेरा मारावयास प्रत्यवाय नसावा.

आता रंगाचा तपशील पाहू. ऐन उन्हाळ्यात मोहन्यापाशी उभे राहून उल्हास नदी पाहणाऱ्या परगावच्या माणसास प्रथमदर्शनी आपण एखाद्या संस्थानिकाच्या राखीव कुरणासमोर उभे आहोत, असा भास होतो. इतकी घनदाट, तुकतुकीत आणि काठोकाठ हिरवाई समोर पसरलेली असते. ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची, फुले मोठी देखणी, जांभळट. आणि सांडपाण्याचे खाद्य पोटभर मिळाले की पंधरवड्यात दुप्पट होण्याची तिची ख्याती. ती उपसून काढली म्हणजे खालून जे पाणी प्रकट होते त्याचा रंग काळसर, आणि मृगाचा पाऊस कोसळला की तेच पाणी तांबडे. हिरवा, काळा आणि तांबडा अशी ही नदीची वार्षिक रंगपेटी आहे. निळा रंग तिच्यात कोणत्या ऋतूत उतरतो, याची चौकशी काठावरच्या जाणत्या माणसांकडे केली असता त्यांनी आमच्याकडे सहानुभूतीने पाहिले. नाही म्हणावयास या नदीचे एक अंग अजूनही निळे आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जेथवर पोहोचेल त्या मर्यादेस निळी पूररेषा म्हणतात आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या मर्यादेस लाल पूररेषा. यांपैकी निळी रेषा आजतागायत निळी राहिली, कारण ती कागदावर असते आणि तिच्यात नाला सोडता येत नाही.

तेव्हा चित्र आणि नदी यांच्यातली ही विसंगती मिटवावयाची कशी, हा प्रश्न उरतो. नदी चित्रासारखी करणे हा मार्ग खर्चिक, वेळखाऊ आणि मुख्य म्हणजे अभूतपूर्व असल्यामुळे तो आम्ही सुरुवातीसच बाद केला आहे. त्याऐवजी मार्गाच्या आरंभी एक नाके उभारून प्रत्येक सायकलस्वारास निळ्या काचांचा चष्मा अनामत रकमेवर द्यावा, असे आम्ही सुचवतो. या चष्म्यांची निविदा तीन वेळा निघेल, पहिल्या दोन वेळा अपुऱ्या प्रतिसादामुळे रद्द होईल, तिसऱ्या वेळी चढ्या दराने मंजूर होईल. मग काचांच्या निळाईची छटा आकाशी असावी की मोरपिशी, यासाठी उपसमिती नेमली जाईल आणि ती परदेशी नद्यांच्या अभ्यासदौऱ्यावर जाऊन परतल्यावर दोन्ही छटा समसमान वाटाव्यात असा तडजोडीचा अहवाल देईल. ज्येष्ठ नागरिकांना निम्म्या दरात, विद्यार्थ्यांना शाळेच्या दाखल्यावर, आणि मान्यवरांना चष्म्यासोबत पुष्पगुच्छ. चष्म्यातून जलपर्णी तितकीशी निळी दिसत नाही अशी कुरकुर कोणी केली, तर तेवढ्या भागाची नोंद दफ्तरी ‘नदी’ या सदराखालून काढून ‘हिरवळ’ या सदराखाली चढवावी, म्हणजे नदीची तक्रारही मिटते आणि दरडोई उद्यानाचे क्षेत्रही वाढते. नाकाचा प्रश्न राहतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु नाकासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे लागेल आणि चालू वर्षी तरतूद नाही.

हसून झाले असेल तर एक गोष्ट ऐकावी. ही नदी कोण्या परक्या मुलुखातली नव्हे; ती आपल्या घरातल्या माठात आहे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून, कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करीत उल्हास येथवर येते. घाटमाथ्यावरच्या आंध्र नदीचे अडवलेले पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून वीज देऊन उतरते आणि तिला मिळते, म्हणून इतर नद्या वैशाखात वाळल्या तरी ही वाहती राहते. कोकणात असे भाग्य फारच थोड्या नद्यांना लाभले. आणि या भाग्याचे आपण काय केले? ज्या मोहन्याला कल्याणसाठी पाणी उचलले जाते, त्याच्याच परिसरात उल्हासनगराकडून येणारा खेमाणी नाला वर्षानुवर्षे मैला आणि सांडपाणी या नदीत आणून ओतत आला. ज्या पाण्यात बोट बुडवावयास आपण धजणार नाही, ते गाळून, तुरटी फिरवून, क्लोरीन घालून आपल्याच नळाला येते, आणि आपण त्याची पट्टी भरतो. लक्षावधी माणसांच्या पिण्याच्या पाण्यात राजरोस घाण सोडली जाते आणि त्याच काठावर बाक कोणत्या लाकडाचे असावेत यावर बैठका होतात, याला नियोजन म्हणत नाहीत. याला निर्लज्जपणा म्हणतात.

आणि सायकलस्वारांविषयीचा हा आकस्मिक उमाळा तरी कोणत्या सायकलस्वारांसाठी? पहाटे कॅरियरला दुधाच्या किटल्या अडकवून निघणारा, पाठीमागे पावांची पेटी बांधून गल्लोगल्ली फिरणारा, डबा हँडलला लटकावून पाळीवर जाणारा, हे सगळे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सायकल चालवीत आले. त्यांच्यासाठी कोणी मार्ग रंगवला नाही. फाटकात, खड्ड्यांत आणि ट्रकच्या चाकांशेजारी ज्याने त्याने आपापली वाट काढावी, अशी व्यवस्था होती व आहे. त्यांच्या सायकलीला कॅरियर असतो हाच बहुधा त्यांचा अपराध. संकल्पचित्रातल्या एकाही सायकलीला कॅरियर नसतो, हे आम्ही भिंग लावून पाहिले आहे. शिवाय ज्या काठावर हा मार्ग उभारावयाचा, तो काठ मोकळा आहे तो नदीची जागा म्हणून, कोणी विसरून रिकामा ठेवला म्हणून नव्हे. 26 जुलै 2005 च्या महापुरात याच खोऱ्यात नदीने आपली जागा मोजून घेतली. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान हजाराहून अधिक उतारूंसह महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी राहिली आणि माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्या नदीच्या काठावर भराव टाकून, काँक्रीट ओतून, तिचे पात्र अरुंद करून आपण तिला सौंदर्य प्रदान करणार आहोत.

असा आराखडा आपल्या गावाच्या वाट्याला आला, म्हणजे हरकती व सूचना मागवल्याची एक बारीक अक्षरांतली नोटीस कुठेतरी प्रसिद्ध होईल. वाचकहो, ती हुडकून काढा आणि मुदतीत एकच हरकत लेखी नोंदवा: नदीत पडणाऱ्या प्रत्येक नाल्याचे सांडपाणी शुद्ध होऊ लागल्याचा दाखला जोडल्याशिवाय काठावर एक वीटही ठेवू नये. अर्जाची पोच घ्यावयास विसरू नका.