फक्त 'होय' म्हणा: नव्या डब्लिनकरांसाठी ओळख-मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका ओहायो राज्यातल्या डब्लिनमध्ये नुकत्याच उतरलेल्या मराठी माणसासाठी आहे. आयर्लंडच्या डब्लिनात उतरला असाल तर विमान चुकलंय. कॅलिफोर्नियातल्या डब्लिनात असाल तर घरभाड्याचा हिशेब चुकलाय. खात्रीची खूण एकच. हिरवळीवर माणसाएवढी सिमेंटची मक्याची कणसं रांगेत उभी दिसली की पत्ता बरोबर आहे. कणसं 109 आहेत, 1994 पासून उभी आहेत, आणि त्यांच्याकडे अजून कुणी ओळखपत्र मागितलेलं नाही. तुमच्याकडे मागतील.

पूर्वतयारी म्हणून बॅगेतली ती प्लॅस्टिकची फाइल बाहेर काढा. आधारच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, सगळं आहे ना? आता ती बंद करून कपाटात ठेवा. आपल्या हाताला खोड लागलेली असते: काउंटरपलीकडच्या माणसाने भुवई उचलली की इकडून झेरॉक्स सरकते. 2023 पर्यंत सिमकार्डाला झेरॉक्स, लॉजला झेरॉक्स. मे 2022 मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की झेरॉक्स अशा सरसकट वाटू नका, त्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. लोकांचा गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. झेरॉक्सवाल्यांचा जीव भांड्यात पडला असणार.

आता थोडा सिद्धांत. ओळखीच्या व्यवहारात तिघे असतात: दाखला देणारा, बाळगणारा आणि तपासणारा. शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तरांची सही आणि गोल शिक्का असतो. तपासणारा हेडमास्तरांना फोन लावत नाही, शिक्का बघतो आणि मान डोलावतो. डिजिटल दाखल्यातही तेच, फक्त शिक्क्याच्या जागी गणिताने केलेली सही. खरा फरक पुढे आहे. कागदी दाखला जन्मतारखेसाठी पुढे केला, तरी त्यावरची जात, जन्मगाव आणि वर्तणूक समोरच्याला फुकटात वाचायला मिळते. डिजिटल दाखल्यात प्रत्येक रकान्याचा वेगळा आकडी ठसा काढतात आणि ठशांच्या यादीवर सरकार सही करतं. तुम्ही एकच रकाना उघडलात तर तेवढाच ताडून बघता येतो. बाकीचे ठसे म्हणजे समोरच्याला नुसते निरर्थक आकडे. त्यात 'वय 21 पूर्ण' असा स्वतंत्र रकानाच असतो. उत्तर होय किंवा नाही. जन्मतारीखसुद्धा नाही.

पायरी पहिली: बिअर. ऑगस्टच्या सुरुवातीला इथे आयरिश फेस्टिव्हल भरतो. केस पूर्ण पांढरे झालेले बाबा स्टॉलपाशी जातात आणि समोरची पोरगी हसून ओळखपत्र मागते. बाबा आधी सुखावतात, मग पासपोर्ट काढून देतात. त्यावर नाव, मधे वडिलांचं नाव, आडनाव, जन्मस्थळ. पोरीने कुतूहलाने शेवटचं पान उलटलंच, तर आईवडिलांची नावं, सौभाग्यवतींचं नाव आणि डोंबिवलीतला फ्लॅट नंबर. एका ग्लासापायी घराण्याचा निम्मा वृत्तांत ओहायोच्या हवाली.

याच कामासाठी ओहायोने जुलै 2024 मध्ये आयफोनच्या वॉलेटमध्ये मोबाइल आयडी आणला. देणारं खातं बीएमव्ही, म्हणजे इथलं आरटीओ. दुकानांना तपासणीचं ॲप मोफत मिळतं. दुकानाने ते घेतलेलं असेल, तर तुम्ही फोन यंत्राजवळ न्यायचा. समोरचा नेमकं काय काय मागतोय त्याची यादी पडद्यावर येते. ती वाचायची, चेहरा दाखवायचा, झालं. फोन त्याच्या हातात द्यायचा नाही. 'वाचायची' हा शब्द पुन्हा वाचा, कारण आपण सगळे तिथेच घसरतो. गणित रकाने बंद ठेवू शकतं, मागणाऱ्याची भूक बंद करू शकत नाही. वयाचा होकार पुरेसा असताना एखाद्याने पत्ताही मागितला आणि तुम्ही घाईत मान्य केलंत, तर जगातली सगळी गुप्तलेखनविद्या तुमच्या अंगठ्यापुढे हात टेकते. कुणी काय मागावं याचा कायदा झाल्याशिवाय ही सोय अर्धीच, असं माझं मत आहे.

पायरी दुसरी: विकेंद्रित व्हा. वरची ओळख शेवटी सरकारनेच दिलेली. कट्टर मंडळींना तेवढंही नको असतं. आपला ओळख-क्रमांक आपणच तयार करायचा, किल्ली आपल्याच फोनात ठेवायची, आणि विद्यापीठ, बँक, नगरपालिका यांनी त्या क्रमांकाला दाखले द्यायचे, असा त्यांचा बेत. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने जुलै 2022 मध्ये त्याचं मानकही मंजूर केलं. आपलं डब्लिन त्याच्याही आधी या वाटेला लागलं होतं. शहराने ग्लोबलआयडी नावाच्या कंपनीला हाताशी धरून ब्लॉकचेनवरच्या ओळखीचा प्रयोग केला. उपक्रमांत भाग घेणाऱ्या नागरिकांसाठी 'डब्लिन पॉइंट्स' काढले. आपल्याकडे हजेरीला पॉइंट्स दिले तर प्रभागसभेला मांडव कमी पडेल. पण कल्पनेत तथ्य आहे: सूचना करणारा माणूस इथलाच रहिवासी आहे एवढं शहराला कळलं की पुरे, त्याचं नाव कशाला हवं?

धोक्याची सूचना: किल्ली हरवली तर 'पासवर्ड विसरलात?' असं विचारायला कुणी नसतं. किल्ली परत मिळवायचे शब्द कागदावर लिहून ठेवा. त्या कागदाचा फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जपून ठेवा' म्हणून टाकू नका.

पायरी तिसरी अवघड आहे, घाईत असाल तर सोडा. एकच सही दोन दुकानांत दाखवली की दोन्ही दुकानदार वह्या जुळवून 'हा तोच' असं म्हणू शकतात. म्हणून एकदाच वापरायच्या प्रती देतात, किंवा शून्य-ज्ञान पुरावा वापरतात: विधान खरं आहे हे पटवायचं, त्यापलीकडे काहीही कळू द्यायचं नाही. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी 1985 मध्ये ही कल्पना मांडली. तिघांपैकी कुणी मराठी मंडळाच्या गणपतीला गेलेलं नसावं.

पायरी चौथी: गणपती. प्रसादाच्या रांगेत काकू विचारतात, "कुठले तुम्ही?"

"पुण्याचे."

"पुण्यात कुठे?"

"कोथरूड."

"नाही हो, मूळचे?"

इथवर तुम्ही नियमाप्रमाणे एकेकच रकाना उघडलेला असतो. मग येतं, "आडनाव काय म्हणालात?" तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात. आडनाव आणि गाव जुळलं की जातीचा रकाना न उघडताच वाचून होतो, पगाराचा अंदाज घराच्या स्क्वेअर फुटांवरून निघतो, आणि तुमच्या मावसबहिणीचे दीर काकूंच्या भाच्याच्या वर्गात होते हे मोदक संपायच्या आत सिद्ध होतं. यावर ब्लॉकचेनचा इलाज नाही. "अय्या, तुमच्या मोदकांना कळ्या किती सुरेख पडल्यात!" असं म्हणून विषय बदलणे ही आजवरची सर्वात भरवशाची पद्धत.

शेवटची सूचना गाडी चालवणाऱ्यांसाठी. फोनात मोबाइल आयडी असला तरी प्लॅस्टिकचं लायसन्स जवळ ठेवा. ओहायोत ते अजूनही लागतंच.