हातभट्टी, वाळू आणि डीव्हीडी

नगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली. डीव्हीडी जपानच्या दुकानांत आली नोव्हेंबर १९९६ मध्ये. बीडच्या फलाटावरून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या काळात डीव्हीडी जन्मली, वयात आली, घरोघरी नांदली, तिच्या जिवावर लोक गब्बर झाले, तिच्याच पायी बुडाले, आणि ती गेलीसुद्धा. २९ सप्टेंबर २०२३ ला नेटफ्लिक्सने अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवण्याचा धंदा बंद केला, तेव्हा बीडकर अजून रुळांकडे डोळे लावून बसले होते. एका तंत्रज्ञानाचं बारसं आणि तेरावं एकाच रेल्वेमार्गाच्या कामात उरकलं, हा विक्रम मराठवाड्याच्या नावावर लावून घ्यायला हरकत नाही.

तर ही गेलेली डीव्हीडी आता जमवायची चीज झाली आहे. जित्याला कोणी विचारत नाही आणि मेल्यावर फोटोला हार, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पण इथे हार घालण्याची सुरुवात परदेशातून झाली. अमेरिकेत ट्वायलाइट टाइम नावाची एक कंपनी होती. जुने सिनेमे तबकडीवर काढायची आणि एका सिनेमाच्या बहुधा तीन हजारच प्रती विकायची. तीन हजार एकावा गिऱ्हाईक आला तर त्याने हळहळावं, अशी योजना. २०११ ला सुरू झालेली ही कंपनी २०२० ला आटोपली. क्रायटेरियन ही त्याच धंद्यातली थोरली पाती. तिने पासोलिनीच्या 'सालो'ची डीव्हीडी १९९८ साली काढली आणि लवकरच बंद केली. मग त्या एका तबकडीसाठी लोकांनी शेकडो डॉलर मोजले. २००८ ला कंपनीने तोच सिनेमा पुन्हा, जास्त चांगल्या रूपात काढला. ज्यांनी आधी मोजले होते त्यांच्या घरी त्या रात्री जेवणं कशी झाली असतील, याची कल्पना करावी.

हे वेड पुण्यामुंबईतही आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे भिंतभर डीव्हीडी. पत्र्याच्या डब्यातल्या, खोक्यातल्या, पुस्तिकेसकट, क्रमांक टाकलेल्या. त्यातल्या निम्म्यांचं वरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. "फोडलं की किंमत निम्मी होते," असं ते सांगतात. मग सिनेमा बघता कशावर, असं विचारलं तर मोबाइलवर. त्यांच्या पत्नीने एकदा धूळ झटकताना एका खोक्याचं प्लास्टिक चुकून फाडलं, तेव्हापासून त्या खोलीची धूळ ते स्वतः झटकतात. संसारात त्यांनी स्वखुशीने घेतलेलं हे एकमेव घरकाम.

या मंडळींना आमचं सांगणं एवढंच, की दुर्मीळ तबकडी हवी असेल तर परदेशातून पार्सल मागवण्याआधी एकदा मांजरसुंब्याला उतरून या.

मांजरसुंबा म्हणजे धुळे-सोलापूर आणि नगर-अहमदपूर या दोन रस्त्यांचा चौक. बालाघाटच्या रांगेत बसलेलं गाव. बीडकडे जाताना घाट, थोड्या अंतरावर कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी, चौकाच्या आसपास ढाबे आणि रबडी. परळी, अंबाजोगाई, केजकडून पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्स इथे जेवणाला थांबणार. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असल्या कुठल्याही चौकात पानटपरीच्या बाजूला सीडीवाल्याची गाडी हमखास असायची. वरून लटकणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत कीर्तनं, भारुडं, लावण्या, बंजारा गाणी, मकरंद अनासपुरेंचे सिनेमे आणि सगळ्यांत पुढे 'फोर-इन-वन'. एका तबकडीत चार सिनेमे. साध्या डीव्हीडीत मावतं ४.७ जीबी. त्यात चार सिनेमे कोंबले की हाणामारी सुरू होताच पडद्यावर चौकोन पडायचे आणि नायकाने खलनायकाला मारलं की खलनायकाने नायकाला, हे आवाजावरून ओळखावं लागायचं.

ट्रॅव्हल्समधला सिनेमा तर वेगळंच प्रकरण. जेवण झालं, गाडी सुटली की क्लिनर तबकडी सरकवायचा. नगर येईपर्यंत मध्यंतर. मग पुढच्या सीटवरचे आजोबा "बंद करा ते, झोपू द्या" म्हणायचे आणि सिनेमा तिथेच संपायचा. बीड जिल्ह्यातल्या एका अख्ख्या पिढीने शेकडो सिनेमे पाहिले आणि शेवट एकाचाही पाहिला नाही. या पिढीला राजकारणातल्या अर्धवट गोष्टींचं फारसं काही वाटत नाही, त्याचं मूळ इथे असावं.

चोरून काढलेल्या त्या तबकड्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यातली 'कॅमेरा प्रिंट' जरा नीट आठवा. थिएटरात बसून कोणीतरी कॅमेऱ्यावर उतरवलेला सिनेमा. समोरून एखादं डोकं जातं, कुठे पोर रडतं, नायक आला की शिट्ट्या. परदेशी कंपनी सिनेमाची एकेक चौकट धुऊनपुसून काढते, पण २००८ साली एखाद्या गावच्या थिएटरात लोक कुठल्या वाक्याला हसले, हे तिच्या तबकडीत सापडायचं नाही. ते या चोरट्या मालात आहे. मराठी प्रेक्षकाचा ध्वनिमुद्रित इतिहास लिहायला कोणी बसलंच, तर त्याला पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत बसावं लागेल.

पोलिसांचा विषय निघालाच आहे, तर महाराष्ट्राचा १९८१ चा एमपीडीए कायदा पाहा. त्याचं पूर्ण नाव वाचायला दम लागतो. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती यांच्या पंगतीत २००९ साली 'दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती' येऊन बसल्या. पुढे वाळू तस्करांनाही त्याच पंगतीत पान मांडलं. या कायद्याखाली माणसाला खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवता येतं. म्हणजे सिनेमाची नक्कल विकणारा आणि नदी विकणारा, सरकारदरबारी दोघे सारख्याच तोलाचे. फरक इतकाच, की सीडीवाला आता कुठल्याच चौकात दिसत नाही. वाळूवाल्याबद्दल बीड जिल्ह्यातल्या वाचकाला आम्ही काय सांगणार!

सीडीवाल्याला मात्र कायद्याने नाही मारलं. त्याला आधी मारलं मोझर बेअरने. दिल्लीची ही कंपनी कोऱ्या तबकड्या बनवायची. २००७ साली तिने सिनेमांचे हक्क घाऊक भावात उचलले आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात ओतली. अस्सल माल चोरीच्या मालाच्या भावात! किराणा दुकानात साबणाशेजारी सिनेमा मिळू लागला. मराठी सिनेमेही त्या लाटेत आले, चकचकीत पातळ कागदी पाकिटात. लोकांनी मीठ-मिरचीबरोबर घेतले, पाहिले, टीव्हीखालच्या कप्प्यात टाकले आणि विसरले. मग मोबाइल आला, चौकात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारी दुकानं आली, मग जिओ आलं. सप्टेंबर २०१८ मध्ये मोझर बेअर अवसायनात काढण्याचा आदेश निघाला. कारखानाच गेल्यावर त्या तबकड्या पुन्हा निघतील कशा? कोणी क्रमांक टाकले नाहीत, कोणी पुस्तिका जोडली नाही, तीन हजारांची मर्यादा घातली नाही, तरी त्या संपल्या. अमेरिकेत दुर्मीळता ठरवून पिकवावी लागते. आपल्याकडे ती रानात उगवते, काँग्रेस गवतासारखी.

आणि त्या तबकड्यांचं पुढे काय झालं म्हणता? पाखरं येऊ नयेत म्हणून त्या ज्वारीच्या रानात दोरीला टांगल्या. उन्हात छान चमकतात. काही ट्रॉलीच्या पाठीमागे रिफ्लेक्टर म्हणून ठोकल्या गेल्या. आमची पक्की समजूत आहे, की कुठल्यातरी मराठी सिनेमाची शिल्लक राहिलेली शेवटची प्रत या घटकेला ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत उभी आहे.

हसू नका. याहून मोठी गोष्ट घडून गेली आहे, आणि ती ज्वारीच्या रानातली नाही, पुण्यातली आहे. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वर १९७६ साली सिनेमा निघाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून केलेला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही त्यातली नावं. ओम पुरींच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांतला एक, सोबत मोहन आगाशे. हा सिनेमा आपल्याकडे इतका नाहीसा झाला, की तो होता हेच लोक विसरले. तो सापडला बर्लिनमध्ये. आर्सेनाल नावाच्या तिथल्या संस्थेच्या संग्रहात त्याची प्रिंट पडून होती. जर्मनांनी ती डिजिटल करून दुरुस्त केली, २०१४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवली आणि तिची डीव्हीडी काढली. १९८० साली हेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा महाराष्ट्राची अब्रू बर्लिनच्या वेशीवर टांगली जाईल म्हणून केवढं रण माजलं होतं, प्रकरण कोर्टात गेलं होतं. अब्रूचं काय झालं ते झालं, सिनेमा तेवढा बर्लिनने जपला. नाना फडणवीसांची पुणेरी गोष्ट पुणेकराला बघायची तर ती जर्मन खोक्यात बघायची! ही एक मराठी डीव्हीडी खरोखर जमवण्याजोगी. आमच्या त्या प्लास्टिकवाल्या गृहस्थांकडे ती आहे का, असं विचारलं. म्हणाले, "मराठी मी जमवत नाही."

मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं. कॅसेट, सीडी, डीव्हीडी धुंडाळणाऱ्यांची ती पंढरी. फेब्रुवारी २०१६ च्या शेवटच्या दिवशी तिचं दार बंद झालं. लोकांनी वर्तमानपत्रांत गळे काढले. त्यांतल्या किती जणांनी शेवटच्या वर्षात तिथे एक तरी तबकडी विकत घेतली होती, हे विचारू नये. नंतर ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि मग ईडीने जप्त केली. दुकानाच्या नशिबी आला एवढा थरार त्यातल्या एकाही डीव्हीडीत नव्हता.

आता कोणी म्हणेल, तबकड्या कशाला हव्यात, सगळं तर मोबाइलवर आहे. असतं की, आज असतं. ओटीटीवरचा सिनेमा भाडेकरूसारखा राहतो, करार संपला की गाशा गुंडाळतो. तुम्ही रात्री अर्धा पाहून झोपलात आणि सकाळी तो निघून गेला, असं होतं. यूट्यूबवर जुने मराठी सिनेमे आहेत, पण कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का, मधेच गाणं कापलेलं, रंग उडालेला. कायद्याने सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी सुटतो. म्हणजे प्रभातचे सिनेमे कधीच सगळ्यांचे झाले, आणि 'घाशीराम' २०३७ च्या सुमारास होईल. पण हक्क सुटून उपयोग काय, हाताशी चांगली प्रत नको? कागदावर मोकळ्या झालेल्या जमिनीचा सातबारा हातात यायला किती वर्षं लागतात, हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

सरकारने काही केलंच नाही असं म्हणता येणार नाही. एनएफडीसीने 'सिनेमाज ऑफ इंडिया' या नावाने 'जाने भी दो यारो'सारख्या सिनेमांच्या दुरुस्त केलेल्या डीव्हीडी काढल्या होत्या. चांगल्या होत्या. आता त्या शोधत फिरावं लागतं. २०२२ साली पुण्याचं फिल्म संग्रहालय एनएफडीसीतच विलीन झालं. आपल्याकडे संस्था विलीन करायला वेळ लागत नाही. तबकडी पुन्हा छापायला लागतो.

तेव्हा दिवाळीची आवराआवर निघाली आणि टीव्हीखालच्या कप्प्यातून पातळ पाकिटं बाहेर आली, की भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्याआधी नाव तेवढं वाचा. तबकडी खिडकीच्या उजेडात धरून आरपार भोकं दिसतात का बघा. दिसली नाहीत तर ती अजून चालण्याची आशा आहे. लॅपटॉपमधला ड्राइव्ह गेला असला तरी बाहेरून जोडायचा हजार-दीड हजारात मिळतो. मोबाइलवर तो सिनेमा शोधा. सापडला नाही तर पुण्याच्या संग्रहालयाला पत्र टाकून तो त्यांच्याकडे आहे का ते विचारा. उत्तर येईल न येईल. येईपर्यंत तुमच्याकडची अठ्ठावीस रुपयांची प्रत ही महाराष्ट्रातली एकमेव आहे असं धरून चाला, आणि पोरांना ती पतंगाला लावू देऊ नका.