विभागात सर्व काही उत्साहात

एका विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचं वार्तापत्र हाती आलं. पहिल्या पानावर समई, दुसऱ्यावर शाल-श्रीफळ, तिसऱ्यावर पुन्हा समई. फरक एवढाच, की पहिल्या फोटोत मेणबत्ती विभागप्रमुखांच्या हातात आहे, तिसऱ्यात कुलगुरूंच्या. खाली बातमी : ‘आंतरराष्ट्रीय परिसंवाद उत्साहात संपन्न.’ आंतरराष्ट्रीय का, तर परदेशातले एक प्राध्यापक ऑनलाइन आले होते. आवाज पोचला नाही, पण हातवारे व्यवस्थित दिसले.

मास्तरांना तरी का हसायचं? यूजीसीनं २०१० मध्ये बढतीसाठी एपीआय गुण आणले आणि निबंध वाचला की गुण, छापला की गुण, असा हिशेब सुरू झाला. मूल्यांकनाला नॅकची समिती आली की फायली मागते. मग शेक्सपिअर शिकवताना वर्ग कधी स्तब्ध झाला असेल, तर त्याचा जिओटॅग फोटो कुठून आणणार?

विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे दोघंही इंग्रजीचे प्राध्यापक. एकाला २००३चं ज्ञानपीठ, दुसऱ्याला २०१४चं. तेही मराठीतल्या लेखनासाठी! आज ते कुठल्या रकान्यात भरायचं, हे ठरवायला आधी उपसमिती नेमावी लागेल.

वार्तापत्रात विद्यार्थी मात्र दिसेनात. नीट शोधल्यावर सापडले : शेवटच्या पानावर, फोटोच्या कडेला, खुर्च्या उचलताना.