भेंडी डॉट दोन

कृषी सेवा केंद्रात तुमच्या पुढे जे उभे असतात आणि ज्यांच्यापायी रांग खोळंबते, ते आमचे आप्पा. पोऱ्या बिलासाठी मोबाइल नंबर विचारतो. आप्पा म्हणतात, "नंबर नाही, ईमेल घे." राहुरीच्या बाजारपेठेत बिलाला ईमेल मागतंय कोण? पण आप्पा देतात. "लिही. भेंडी डॉट दोन डॉट आप्पा ॲट..." पोऱ्या मान डोलावतो आणि भेंडीची दोन पाकिटं काढून ठेवतो.

त्यातला 'दोन' म्हणजे आप्पांनी त्या दुकानाला मंजूर केलेला कोटा. दोन मेल आले की तिसरा वाटेतच गडप. पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि आप्पांनाही. ही करामत मुळात स्पॅमगुर्मे नावाच्या जुन्या फुकट सेवेची. आधी मनाला येईल तो शब्द, मग वीसपर्यंतचा आकडा, मग आपलं नाव. उभ्या उभ्या, बोलता बोलता नवा पत्ता तयार. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, हाताला काम नसलेल्या माणसाला हे सापडलं आणि सगळ्या तालुक्याला आकडा लागला.

गॅसवाल्याला पाच. विमा एजंटाला बारा, महिन्याला एक या हिशेबाने. त्या बहाद्दराने ते जानेवारीतच उडवले. पुतणीच्या सासरच्यांना चार. "चार कशाला, आप्पा?" "एक पत्रिकेचा, एक कार्यालय बदललं तर, एक बारशाचा." "आणि चौथा?" "भांडण नाही का होणार?" घरातही तेच. दुपारी आप्पांनी चहाचा दुसरा कप मागितला, तेव्हा काकू ओट्याजवळूनच म्हणाल्या, "चहा डॉट एक."

इथून शनिशिंगणापूर काही लांब नाही. तिथल्या घरांना परंपरेने दारं नाहीत, म्हणून युको बँकेनेही २०११ मध्ये तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. आप्पांची शनिदेवावर अपार श्रद्धा. चोराला देव बघून घेईल, याबद्दल त्यांना शंका नाही. फक्त जिथे चपला काढल्या त्या दुकानदाराला 'शनी डॉट एक'.

३ मे हा त्यांचा वार्षिक संतापाचा दिवस. १९७८ साली याच तारखेला अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या इसमाने अर्पानेटवरच्या जवळजवळ ४०० जणांना एका दमात संगणकाची जाहिरात धाडली. बिनबोलावलेल्या जाहिरातींची परंपरा तिथून धरतात. शेजाऱ्याने बांध कोरावा तसं आप्पा हे सांगतात. थुर्क समोर आला तर भूमी अभिलेखाकडे मोजणी लावतील.

आता कबूल करायला जड जातं, पण माणूस वेडा नाही. प्रत्येकाला वेगळा पत्ता दिला की गळती कुठली ते कळतं. नगरच्या एका चष्म्याच्या दुकानाला दिलेल्या 'चष्मा डॉट तीन'वर एनए प्लॉटची जाहिरात आली. तो पत्ता जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. आप्पा प्रिंट काढून, इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेले. मालकाने प्रिंट डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि विचारलं, "कितीला म्हणतात गुंठा?"

तुमचा-माझा नंबर कोणी कोणाला विकला हे आपल्याला जन्मात कळत नाही. आपण रोज कर्जवाल्या पोरीला 'मीटिंगमध्ये आहे' सांगून फोन ठेवतो आणि त्याला व्यवहारज्ञान म्हणतो.

या व्यवस्थेत एक यादी भरवशाच्या माणसांची. त्यांना आकडा नाही, किती का लिहिनात. आप्पांनी ती विद्यापीठाच्या एका जुन्या कृषिदर्शनीच्या मागच्या पानावर हातानेही उतरवून ठेवली आहे. खतांच्या मात्रांच्या खाली, निळ्या शाईत, समासाची रेघ मारून. मुलाने नोकरी बदलली आणि नव्या कंपनीच्या पत्त्यावरून मेल केला, तो गेला गडप. त्याने फोनवर तक्रार केली, तर हे म्हणाले, "यादीत नाहीस. अर्ज कर." त्याने केला. मुकाट्याने.

यादीत सात नावं. त्यांतली चार माणसं आता नाहीत. "खोडत का नाही?" म्हटलं, तर म्हणाले, "त्यांचा काय त्रास आहे?"

तो त्रासही मागच्या महिन्यात सुरू झाला. विद्यापीठात तीस वर्षं ज्यांचं टेबल आप्पांच्या टेबलाला चिकटून होतं, त्या मित्राचं खातं कोणा भामट्याने पळवलं आणि तिथून वजन घटवण्याच्या गोळ्यांची जाहिरात धाडली. भरवशाचं नाव, त्यामुळे आप्पांच्या सगळ्या चौक्या ओलांडून थेट आत. मित्र गेला तेव्हा चांगला शंभर किलोचा होता. मी म्हटलं, "आता तरी काढा नाव. रोज येतील हे."

आप्पांनी चष्मा लावून ती जाहिरात पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. किंमत वाचली, सवलत वाचली, शेवटचं 'आपला हितचिंतक'सुद्धा वाचलं.

"येऊ दे रे," म्हणाले. "शेजारी बसून तीस वर्षांत लेकाच्याने चिठ्ठीचा चिटोरा कधी लिहिला नाही मला."