बुऱ्हाणपुरात सापडलेला अर्थ

चार रविवार खपून मी वडिलांची जुनी मोटरसायकल घरीच दुरुस्त केली. चासीला झकास काळा रंग, सगळं वायरिंग नवं आणि सायलेन्सरच्या भोकावर गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा, तारेने करकचून आवळलेला. मेकॅनिकला पैसे कशाला द्यायचे? बायकोला मागे बसवलं आणि रावेरहून बुऱ्हाणपूरला निघालो. केळीच्या बागा अलीकडेही, पलीकडेही. मध्ये काय ती राज्याची पाटी.

पाटी ओलांडली आणि तार सुटली. पत्रा खणखणत शेतात गेला.

"डबा गेला," बायको म्हणाली. "मी तो रव्याला ठेवणार होते."

दख्खनवर निघालेल्या मुघल फौजा तोफा घेऊन बुऱ्हाणपुरात तळ द्यायच्या. तिथल्या शनवारा भागात मी एकट्याने तोफखाना आणला. रेस सोडली की फाट! फाट! ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे, हेडलाइट मान टाकायचा. हॉर्न तर नुसता कण्हायचा.

गॅरेजातल्या चाचांनी सीट उचलली, एक वायर बोटाने हलवली आणि म्हणाले, "साहब, इसमें अर्थ ही नहीं है."

चार रविवारांचा असा एका वाक्यात निकाल लागल्यावर माणूस दुखावणारच. बायकोने मात्र जोरात मान डोलावली.

मग कळलं, ते अर्थिंगबद्दल बोलत होते. बॅटरीतून निघालेला करंट चासीवाटे परत येतो. मी वायर पक्की बसवली होती, पण रंगावर! घरी परतायची वाट बंद झाल्यावर करंट शेजाऱ्यांच्या घरातून घुसत होता, ब्रेकचा इंडिकेटरमधून. चाचांनी नट सैल केला, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने माझा झकास रंग रुपयाएवढा खरवडला, खालचं लोखंड चमकलं, नट आवळला. हॉर्न असा कडाडला की शेजारची शेळी उठून गेली.

"भोकातून हवा आत जाते, म्हणून फटाके," एवढं सांगून त्यांनी सायलेन्सर वेल्डिंगला पाठवला. सगळ्याचे मिळून सांगितलेले पैसे माझ्या रंगाच्या डब्याहून कमी होते.

तोवर रिक्षाने कुंडी भंडारा गाठला. लिफ्टने खाली उतरलो. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात केलेली ही पाण्याची वाट: सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारात धरायचं, वर शंभरावर कुंड्या खणायच्या, बाकी सगळं उतारावर सोपवायचं. ना पंप, ना वायर. चारशे वर्षांनीही पाणी बरोबर आपल्या वाटेने चाललेलं.

"इथे कुणी रंग नाही मारला," बायको म्हणाली.

परतीला मावा जिलबी घ्यायला थांबलो. गाडी मांजरासारखी गुरगुरत उभी होती. बायकोने विचारलं, "पत्र्याचा डबा आहे का?"

दुकानदार म्हणाला, "फक्त पुठ्ठ्याचा."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तोच द्या. सायलेन्सरला तरी लागणार नाही."